पॅलाडिनचं बाहेर काहीतरी चालू आहे

नाव घेणार नाही हं, पण आमच्या शनिवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर एक पॅलाडिन आहे. पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा. दुबळ्यांना राखीन, दिल्या शब्दाला जागीन, अशी शपथ वाहिलेला. दिसायला कसा सोज्वळ, चिलखत कसं लखलखीत! आणि मागच्या महिन्यात कळलं काय, तर या बाबाजींनी गुपचूप एक लेव्हल वॉरलॉकची घेतली. वॉरलॉक! कुठल्या तरी अमानवी शक्तीशी करार करून जादू कमावणारी जमात ती. घरी शपथ आणि बाहेर करार. खेळ चालवणाऱ्या डीएमने बिचाऱ्याने साधा प्रश्न विचारला, "अरे, पण ही शक्ती तुला भेटली कुठे?" तर कॅरेक्टर शीटवरची मान वर न करता हा म्हणतो, "भेटली असेल वाटेत. माझा करिश्मा अठरा आहे, आता तलवारीलाही तोच चालतो."

वाटेत भेटली म्हणे!

भानगड काय आहे ते सांगते. पॅलाडिनला तलवार चालवायला ताकद लागते आणि मंत्र चालवायला करिश्मा. आता कॅरेक्टर बनवताना आकडे विकत घ्यायचे तर हातात गुण सत्तावीस, आणि सुरुवातीला पंधराच्या वर कुठलाच आकडा घेता येत नाही. दोन्हीकडे पुरवायचं म्हणजे ओढाताण आली. मग 2017 साली 'झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग' नावाचं पुस्तक आलं आणि त्यात हेक्सब्लेड नावाचा वॉरलॉक निघाला, जो पहिल्याच लेव्हलला तलवार करिश्म्यावर चालवतो. झालं! गावोगावच्या धर्मयोद्ध्यांना एका रात्रीत अंधाऱ्या शक्तींचा कळवळा आला. ताकद ठेवायची ती तेरा, कारण दुसऱ्या क्लासात पाय ठेवायला पॅलाडिनला तेवढी लागतेच. तेराच्या वर एक दमडी नाही. याला ही मंडळी 'डिप' म्हणतात, आणि म्हणताना चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही.

आणि हे तर घरंदाज प्रकरण झालं. कॉफीलॉक ऐकलाय? हा झोपतच नाही. वॉरलॉकचे स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, तासाभराच्या विश्रांतीने परत मिळतात. ते घ्यायचे, आपल्याच दुसऱ्या, सॉर्सरर क्लासच्या खात्यात गुण म्हणून जमा करायचे, त्या गुणांचे पुन्हा स्लॉट पाडायचे आणि परत तासभर टेकायचं. रात्रभर हेच. साठवलेलं सगळं लॉंग रेस्ट, म्हणजे रात्रभराची विश्रांती, घेतली की पुसलं जातं, म्हणून ती घ्यायचीच नाही. झोपेची गरजच उरू नये अशी वॉरलॉकची एक विद्या झॅनाथारच्याच पुस्तकात आहे, आणि लॉंग रेस्ट न घेणाऱ्याला थकवा कसा गाठतो याचा नियमही त्याच पुस्तकात आहे. एकाच दुकानात विषही आणि उताराही.

यावर जुनेजाणते सुस्कारे सोडतात. "आमच्या वेळी असं नव्हतं हो, आम्ही मजेसाठी खेळायचो." काय सांगताय! हा खेळ 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला, तोच मुळी पटावरच्या लढाईच्या खेळांतून. पुढच्याच वर्षी गायगॅक्सना 'टूम ऑफ हॉरर्स' नावाचं थडगं रचावं लागलं. आपलं कॅरेक्टर अजिंक्य आहे अशी फुशारकी मारणाऱ्यांची जिरवायची, हा त्यातला एक हेतू. आत एक हिरवा राक्षसी चेहरा आहे, आ वासलेला. त्या तोंडात शिरलेला वीर अंगठीसकट नाहीसा होतो, वाचायला फासाबिसा काही नाही. 1976 साली तर खेळ छापणाऱ्या कंपनीने देवादिकांचंच पुस्तक छापलं आणि प्रस्तावनेत खिरापत वाटणाऱ्या डीएमांचे कान उपटले. अहो, तुमचे चाळिसाव्या लेव्हलचे सरदार देवांसमोर किती क्षुल्लक आहेत ते तरी बघा, असा सगळा सूर. पण देवांचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसतील तेही, आकड्यात छापून बसले! ज्याला आकडा आहे त्याला मारता येतं, एवढा हिशेब पोरांना कळायला कितीसा वेळ लागणार? थोरला देव कोण मारतो याचीच चढाओढ लागली.

तिसऱ्या आवृत्तीच्या काळात तर पन-पन नावाच्या कोबोल्डने कहर केला. दोन-अडीच फुटांचा सरड्यासारखा प्राणी, ज्याला पहिल्या लेव्हलचं कुणीही तुडवावं. सर्पवंशीयांवरच्या एका पुस्तकात दुसऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याची गुणवैशिष्ट्यं बदलण्याची विद्या होती. ती कशीबशी मिळवायची आणि स्वतःवरच चालवायची. कागदावर त्याची ताकद अनंत झाली. टेबलावर त्याला खेळवायची कुणाची छाती नव्हती, तो नुसता हिशेबच होता. पण काय हिशेब! मला तर त्यात काव्य दिसतं.

दुसऱ्या घराण्याचं सोवळंही काही कमी नाही बरं. "आम्ही आकडे बघत नाही, आम्ही भूमिका जगतो," असं म्हणणारे आमच्याकडेही आहेत. आठ पानी पूर्वकथा आणतात. आईबाप मेलेले, गाव जळालेलं, खांद्यावर कावळा. मग दोरी विकणाऱ्या दुकानदाराशी पाऊण तास घासाघीस करतात आणि बाकीचे चिप्स खात बसतात. मित्राच्या खिशातली थैली मारायची आणि वर म्हणायचं, "काय करू, माझं कॅरेक्टर असंच वागेल." यापेक्षा तो कॉफीलॉक बरा. निदान कुणाच्या खिशात हात घालत नाही.

आणि आमच्या पॅलाडिनचं पुढे काय झालं, ते ऐकाच. डीएम काही कच्च्या गुरूचा चेला नाही. पुढच्या शनिवारी देवळात शपथेची उजळणी चालली होती. महापुजारी समोर, सगळे गुडघ्यावर. तेवढ्यात म्यानातून आवाज आला, "माझा हप्ता थकलाय." सगळं टेबल गार! ज्याने आजवर वीस बाजूंचा फासा टाकण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं, तो घामाघूम होऊन पुजाऱ्याला सांगतोय, "महाराज, ही... ही तलवार माझ्या भावाची आहे." आठ पानी पूर्वकथावाला तोंडाचा आ करून बघत राहिला. त्या आठ पानांतलं एक अक्षर अजून टेबलावर आलेलं नाही, आणि या आकडेमोड्याच्या एका लेव्हलवर आमचे सगळे शनिवार रंगलेत. पुजाऱ्याला संशय आहे. आमच्यातल्या चोराला सगळं माहीत आहे. गप्प बसण्याचा त्याचा भाव रोज वाढतोय.

आता म्हणाल, कंपनीने लगाम घालायला नको का? घातला की! 2024 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये चक्क छापलंय, की माणसांची रांग लावून हातोहात भाला पुढे देत त्याला प्रकाशाचा वेग देता येणार नाही, नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे. हजारो शेतकऱ्यांना सहा सेकंदांच्या फेरीत राबवून तोफ बनवणारी मंडळी वर्षानुवर्षं डीएमांचं डोकं खात होती, त्यांना ही जाहीर समज.

पण पॅलाडिनांचं काय? त्याच वर्षीच्या प्लेयर्स हँडबुकात करिश्म्यावर तलवार चालवायची सोय पहिल्या लेव्हलला कुठल्याही वॉरलॉकला खुली केलीय. हेक्सब्लेडच हवा असं राहिलं नाही. आणि ही शक्ती नेमकी कोणती, ते म्हणे तिसऱ्या लेव्हलला ठरवायचं. म्हणजे करार आधी, आणि कुणाशी केला ते दोन लेव्हलनंतर!