साडूंची सरकारी शाळा

आमचे साडू आजवर सरकारी शाळेत गेले ते फक्त मतदानाला. त्यांच्या कोथरूडच्या सोसायटीपासून महापालिकेची शाळा चालत तीन मिनिटांवर आहे. दर निवडणुकीला साडू तिथे जातात, बोटाला शाई लावून घेतात, भिंतीवरच्या सुविचारातली शुद्धलेखनाची चूक काढतात आणि 'कसं होणार या देशाचं' म्हणत गाडीत बसतात. त्यांची कन्या बालवर्गापासून जिथे शिकते त्या शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' आहे आणि फीच्या पावतीवर 'मिसलेनियस' नावाचा एक रकाना आहे. त्यात नेमकं काय येतं, हे विचारायची हिंमत अजून कुठल्या पालकाला झालेली नाही.

तेच साडू हल्ली रात्री दोनपर्यंत जागून सरकारी शाळा शोधताहेत. टेक्सासातली.

कंपनीने त्यांना डॅलसला पाठवायचं ठरवलंय. कन्या नववी संपवून दहावीत जाणार. दहावीचं वर्ष म्हणजे आपल्याकडे टीव्हीसुद्धा दबक्या आवाजात लावायचं वर्ष. त्या वर्षी मुलीला उचलून दुसऱ्या खंडात न्यायचं म्हणजे नातेवाइकांच्या लेखी जवळपास फौजदारी गुन्हा. पण तिकडे दहावीला बोर्डच नसतं असं कळल्यावर सगळे एकदम गप्प झाले. बोर्डच नाही म्हटल्यावर पेढे कशाचे वाटायचे, एवढी एक शंका तेवढी आमच्या सासूबाईंनी काढली.

सुरुवातीला साडूंनी तिथल्या खाजगी शाळांची फी पाहिली, डॉलरला रुपयांनी गुणलं आणि लॅपटॉप मिटला. मग त्यांना कोणीतरी सांगितलं, की अमेरिकेत बारावीपर्यंतची सरकारी शाळा फुकट असते, कंपनीच्या व्हिसावर आलेल्या माणसाच्या मुलीलाही. इतकंच काय, कुठलेही कागद नसलेल्या मुलांनाही शाळेचं दार बंद करता येणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला, आणि तो खटलाही टेक्सासातल्याच टायलर नावाच्या गावचा. हे ऐकून साडूंच्या मनात अमेरिकेबद्दल आदर दाटून आला. पाठोपाठ काळजीही आली. "म्हणजे शाळेत कोणीही येतं की काय?"

कोणीही येत नाही. त्याची चोख व्यवस्था आहे. शाळा फुकट असते, पत्ता फुकट नसतो.

प्रत्येक शाळेची हद्द आखलेली असते. त्या हद्दीत तुमचं घर, तर तुमची मुलगी त्या शाळेत. रस्त्याच्या अलीकडची घरं एका हायस्कुलात, पलीकडची दुसऱ्या. विटा त्याच, गवत कापायला येणारा माणूस तोच. किमतीचा आकडा मात्र रस्ता ओलांडला की बदलतो. टेक्सासात राज्याचा प्राप्तिकर नाही, त्याचं उट्टं घरपट्टीत काढतात. घराच्या किमतीच्या साधारण दोन टक्के, दरवर्षी. सहा लाख डॉलरचं घर घेतलं तर बारा हजार डॉलर, आणि त्यातला सगळ्यांत मोठा वाटा शाळांचा. साडूंना पुणे महापालिकेचं मिळकतकराचं बिल एकाएकी प्रेमपत्रासारखं वाटू लागलं. शिवाय १९९३ पासून तिथे श्रीमंत शाळा-जिल्ह्यांकडचा जादा पैसा काढून घेऊन गरीब जिल्ह्यांना देतात. लोक त्या योजनेला रॉबिनहूडच म्हणतात. "आरक्षणच की हे," साडू खिन्नपणे म्हणाले, "तिकडेही सुटका नाही."

भाड्याने राहूनही मुलीला तीच शाळा मिळते, हे मी त्यांना सांगून पाहिलं. पण भाडेकरूंच्या मुलांना मास्तर मागच्या बाकावर बसवत असणार, अशी त्यांची पक्की खात्री आहे.

मग साडूंनी तक्ता केला. साडूंनी लग्नाच्या वेळीही मुलींचा तक्ता केला होता, असं आमची मेव्हणी सांगते. त्यामुळे तिला यात नवल वाटलं नाही. तिथे ग्रेटस्कूल्स नावाची एक संस्था आहे. १९९८ पासून ती शाळांची माहिती गोळा करते आणि प्रत्येक शाळेला दहापैकी गुण देते. घरं विकणाऱ्या संकेतस्थळांवर घराच्या फोटोखाली तो गुण एका छोट्या गोलात छापलेला असतो: चार खोल्या, दोन गाड्यांचं गॅरेज, हायस्कूल नऊ. त्या आकड्यात शाळा किती शिकवते यापेक्षा आईबाप किती कमावतात हेच जास्त उमटतं, अशी टीका तिथलेच लोक वर्षानुवर्षं करताहेत. साडूंना ही टीका फार आवडली. नेमकी तीच माहिती त्यांना हवी होती आणि विचारायची कशी ते सुचत नव्हतं.

कारण घराच्या एजंटबाईंना विचारून त्यांनी पाहिलं होतं. व्हिडिओ कॉलवर बाई घर दाखवत होत्या. ओट्याचा दगड कसला, छपराला किती वर्षं झाली, तळमजल्यावरचा एसी कधी बदलला, सगळं विनातक्रार सांगत होत्या. साडूंनी घसा साफ करून विचारलं, "एरिया कसा आहे? आपले... म्हणजे फॅमिली लोक आहेत ना? शाळा चांगली आहे ना?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आय कान्ट स्पीक टु दॅट." साडूंनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. तिन्ही वेळा तेच वाक्य, तेच हसू. नंतर कळलं, की १९६८ च्या तिथल्या कायद्याने वंश, धर्म, मूळ देश पाहून गिऱ्हाइकाला एका वस्तीकडे ढकलणं किंवा दुसऱ्या वस्तीपासून वळवणं बेकायदा आहे. 'शाळा चांगली' म्हणणं हासुद्धा त्याच गोष्टीचा सभ्य अवतार ठरू शकतो, म्हणून शहाणा एजंट तोंडच उघडत नाही. आमच्या पुण्याच्या एजंटला हा कायदा लावला तर बिचारा उपाशी मरेल. तो आधी आडनाव विचारतो, मग मटण खाता का विचारतो आणि मग बजेट.

तर कायद्याने बाईंचं तोंड बंद आहे आणि फोटोखालचा गोल रात्रंदिवस बोलतोय.

साडूंच्या तक्त्यात सात म्हणजे नापास. आठ म्हणजे एटीकेटी. नऊच्या खाली त्यांनी पाहिलंच नाही. मग डॅलसच्या उत्तरेच्या उपनगरांवरून तिकडच्या मराठी मंडळींत जी तुंबळ जुंपली, ती मी साडूंच्या कृपेने व्हॉट्सॲपवर रोज वाचत होतो. प्लेनोत नववी-दहावीचं हायस्कूल वेगळं आणि अकरावी-बारावीचं सीनियर हायस्कूल वेगळं; म्हणजे कन्येने एक वर्ष जीव लावायचा आणि पुन्हा दप्तर उचलायचं. फ्रिस्कोत हायस्कुलं मुद्दाम आटोपशीर ठेवलेली, म्हणून ती डझनभर. म्हणजे हद्दीही डझनभर, आणि लोकवस्ती वाढली की शाळा-मंडळ त्या पुन्हा आखतं. आज नऊच्या हद्दीत घेतलेलं घर उद्या सकाळी आठच्या हद्दीत उठू शकतं. या एका शक्यतेने साडूंची तीन रात्रींची झोप गेली.

ॲलनमध्ये मात्र गावभर एकच हायस्कूल. हद्दीची कटकट नाही. त्या शाळेला १८ हजार प्रेक्षकांचं फुटबॉल मैदान आहे, खर्च सुमारे सहा कोटी डॉलर. शाळेच्या मुलांसाठी. २०१२ मध्ये ते थाटात उघडलं आणि २०१४ मध्ये काँक्रीटला तडे गेले म्हणून बंद करावं लागलं. दुरुस्ती होऊन पुन्हा सुरू व्हायला २०१५ उजाडलं. हे वाचून साडूंच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी समाधान दिसलं. "परकं नाही वाटणार तिकडे," ते म्हणाले.

एवढ्यात त्याच ग्रुपवर एका परोपकारी गृहस्थांनी सुचवलं, की घर कुठेही घ्या, पत्ता मित्राचा द्या. आरटीईच्या प्रवेशासाठी खोटे भाडेकरार करण्याची कला आपल्याकडे प्रगत आहेच. नागपुरात त्यापायी पालकांवर गुन्हेही दाखल झाले. पण अमेरिकेत हे आणखी जड जातं. ओहायोतल्या ॲक्रनच्या एका आईने मुलींना शेजारच्या बऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत घालायला आपल्या वडिलांचा पत्ता दिला. २०११ साली ती नऊ दिवस तुरुंगात होती. वडील खरे होते, घर खरं होतं, मुलीही खऱ्या होत्या. पुढे गव्हर्नरने तिचा गुन्हा सौम्य करून दिला. साडू हे ऐकून गंभीर झाले आणि म्हणाले, "कायदा म्हणजे कायदा." त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटचा भाडेकरार त्यांनी अर्ध्या भाड्याचा केलाय, हा विषय मी त्या क्षणी काढला नाही.

या सगळ्यात खरं काम चाललं होतं आमच्या मेव्हणीचं. शाळेला राहत्या जागेचा पुरावा लागतो, जन्मदाखला लागतो, गुणपत्रिका लागतात आणि लसी लागतात. दंडावरचा बीसीजीचा वण दाखवून भागत नाही. कन्येचं लसीचं कार्ड बालरोगतज्ज्ञांच्या हस्ताक्षरातलं; कडेला बाटलीवरून सोलून चिकटवलेली लेबलं, त्यांतली दोन वरणाच्या डागाखाली गेलेली. त्यात तारखा आपल्या पद्धतीच्या. ५ सप्टेंबरची '५/९' तिकडे वाचली जाते ९ मे. म्हणजे कावीळ 'ब'चा दुसरा डोस कन्येने पहिल्याच्या आधी घेतला असं सिद्ध होतं. डॉक्टर निवृत्त होऊन बंगळूरला मुलाकडे गेलेले. मेव्हणीने त्यांना गाठून नवीन पत्रावर महिना अक्षरात लिहून घेतला. मेंदूज्वराची एक लस, जी आपल्या सरकारी यादीत नाही, ती तिकडे सातवीच्या पुढे सक्तीची. तीही टोचून घेतली. साडू तेव्हा तक्त्यात नवा रंग भरत होते.

गुणपत्रिकांचं तिकडे क्रेडिटमध्ये रूपांतर होतं. हायस्कूल पूर्ण व्हायला साधारण २६ क्रेडिट लागतात आणि त्यांत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा असावी लागते. तेव्हा साडूंनी मला अपरात्री फोन केला: कन्येचे मराठीचे गुण त्या खात्यात धरतील का? ज्या घरात 'फक्त इंग्लिशमध्ये बोल' असं फ्रिजवर लिहून लावलं होतं, त्या घरात सध्या मराठीची शिकवणी शोधणं चालू आहे.

कन्येला कोणी काही विचारलं नव्हतं. एका रविवारी जेवायला आली होती, तेव्हा मी विचारलं.

"काका, शाळा कुठलीही चालेल," ती म्हणाली. "पण मी घराबाहेर पडणार कशी? इथे मी रिक्षाने एकटी एफसी रोडला जाते. बाबा म्हणतात त्या गावात सिटी बस नाही, शाळेची बस दोन मैलांच्या आतल्यांना मिळेलच असं नाही आणि आई तिकडे गाडी चालवणार नाही म्हणते. मला लायसन्स मिळायला सोळा पूर्ण व्हावी लागतील. तोपर्यंत काय, खिडकीत बसू?"

"बाबांच्या तक्त्यात आहे का हे?"

"तक्त्यात स्विमिंग पूल आहे."

आणि मग, नऊच्या हद्दीतलं घर जवळपास ठरलेलं असताना, साडूंना पहिल्या दहा टक्क्यांचा कायदा कळला. १९९६ साली न्यायालयाने तिथल्या विद्यापीठांना प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, तेव्हा पुढच्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळाने तोडगा काढला: राज्यातल्या प्रत्येक हायस्कुलातल्या पहिल्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. शाळा कोट्यधीशांच्या वस्तीतली असो की मेक्सिकोच्या सीमेवरच्या खेड्यातली. ऑस्टिनच्या नामांकित विद्यापीठात त्यामुळे एवढी रांग लागली, की तिथली मर्यादा उतरत उतरत २०२६ च्या प्रवेशासाठी पाच टक्क्यांवर आली. वर पुन्हा कॉम्प्युटर सायन्सच मिळेल याची हमी नाही.

साडूंनी गणित मांडलं. वर्गात पाचशे मुलं, तर पाच टक्के म्हणजे पंचवीस. आणि त्या नऊच्या हद्दीत घर घेणारे कोण? ज्यांनी ज्यांनी रात्री दोनपर्यंत जागून असाच तक्ता केला ते. पाचशे मुलांच्या मागे पाचशे साडू, प्रत्येकाची पोर उन्हाळ्यात पुढच्या वर्षाचं गणित संपवून बसलेली. त्या शाळेत शहाण्णव टक्के मिळवणारी मुलगी मधल्या ढिगात हरवणार, आणि चारच्या शाळेत तीच पहिली येऊन ऑस्टिनला जाणार. हा कायदा ज्यांच्यासाठी केला त्यांच्या शाळेत जाऊन त्यांच्या जागा घ्यायच्या, यात काही गैर आहे असं साडूंना क्षणभरही वाटलं नाही. उलट त्यांना घरपट्टीतली बचत दिसली.

त्या रात्री तक्ता उलटा लावला गेला. 'पुरेशी वाईट' असा नवा रकाना आला. फार वाईट नको, कारण शेवटी मुलीची जात. पण मनापासून मध्यम हवी. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडेच होतो तेव्हा एजंटबाईंचा कॉल लागला.

"नऊ कॅन्सल," साडूंनी सांगितलं. "शो मी समथिंग इन अ फोर. मॅक्सिमम फाइव्ह."

इतके आठवडे शाळा, शेजार आणि माणसं यांबद्दल चकार शब्द न काढलेल्या त्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर," त्या म्हणाल्या, "आर यू शुअर? द स्कूल..."

"मॅडम," साडूंनी हात वर केला, "यू कान्ट स्पीक टु दॅट."