कोथिंबीर की कापूस?

आमच्या सोसायटीच्या गणपतीत, फॅन्सी ड्रेस संपल्यावर आणि अंताक्षरी सुरू होण्याआधी, मधल्या रिकाम्या वेळात माझी ॲनिमेशन फिल्म दाखवली गेली. लांबी एक मिनिट 52 सेकंद. मेहनत दीड वर्षाची. गोष्ट एवढीच, की चौथ्या मजल्यावरची एक म्हातारी भाजी आणायला खाली उतरते, पिशवी घेऊन पुन्हा चार जिने चढते, दाराशी पोचते आणि तिला आठवतं, नारळ राहिला. डोंबिवलीत लिफ्ट नसलेल्या इमारतीत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही, असा माझा समज होता.

फिल्म संपली. पडद्यावर, म्हणजे डबल बेडच्या चादरीवर, माझं नाव आलं, गेलं, आणि मागून कोणीतरी विचारलं, "झालं?"

मग टाळ्या पडल्या. चार सेकंद. या नादाला लागलेला माणूस वेळ सेकंदांत मोजत नाही, चित्रांत मोजतो. त्यामुळे मला नक्की सांगता येईल, 48 चित्रांच्या टाळ्या पडल्या.

हा हिशेब असा, की सिनेमाच्या एका सेकंदात 24 फ्रेम जातात. गरीब माणूस एकेक चित्र दोन-दोन फ्रेम टिकवतो आणि सेकंदाला 12 चित्रांत भागवतो. एक मिनिट 52 सेकंदांची झाली 1344 चित्रं. बँकेतून घरी आल्यावर, जेवणं उरकल्यावर, आईची सिरियल संपल्यावर काढलेली. सरासरी काढली तर दिवसाला जेमतेम अडीच. एवढ्या वेगात कोणी पोळ्या केल्या तर घर उपाशी झोपेल.

प्रसादाच्या रांगेत अभिप्राय मिळाले. सेक्रेटरी म्हणाले, "आवाज छान होता." आवाज मी फुकटच्या साठ्यातून उतरवून घेतलेला. एका काकांनी खांद्यावर हात ठेवून सुचवलं, "ते दूरदर्शनवर चिमण्यांचं लागायचं ना, तसं काहीतरी कर." काकांना 'एक अनेक और एकता' म्हणायचं होतं. ती 1974 सालची, फिल्म्स डिव्हिजनची. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, ॲनिमेशन भीमसेन यांचं. म्हणजे गल्लीत टेनिस बॉलने खेळणाऱ्याला काकांनी सहज सांगितलं, "ते गावसकरसारखं काहीतरी कर." माझा एक मित्र आहे, तो जगातल्या सगळ्या यशांची बातमी मला स्वतः येऊन देतो. तो म्हणाला, "त्या लॅटव्हियाच्या पोराने बघ, ब्लेंडर नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फ्लो' ही मांजराची फिल्म केली आणि 2025 चं ऑस्कर नेलं. तूपण ब्लेंडरच वापरतोस ना?" हो, तेच वापरतो. आमच्या समोरच्या बाई आणि माझी बायको एकाच दुकानातून बेसन आणतात, पण लाडू दोघींचे वेगळे होतात, हे त्याला मी सांगितलं नाही. त्या 'फ्लो'वाल्या पोराने त्याआधी एक पूर्ण लांबीचा चित्रपट साडेतीन वर्षं एकट्याने बसून केला होता, हेही सांगितलं नाही. कारण मग त्याने विचारलं असतं, "मग तू का नाही करत?"

हे सगळं मी प्रसादाबरोबर गिळलं असतं. पण रांगेत शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुझ्या म्हातारीच्या पिशवीत कोथिंबीर आहे का कापूस?"

सगळे हसले. मीपण हसलो. घरी येऊन कॉम्प्युटर बंद केला, आणि पुढचे पाच महिने त्याला हात लावला नाही.

हात लावला नाही म्हणणंही खरं नाही. लावत होतो, काम करत नव्हतो. रात्री फाइल उघडायची आणि चित्राच्या थरांना, म्हणजे लेयरना, नीट नावं द्यायची. 'डावा हात जुना', 'डावा हात नवा', 'डावा हात नवा खरा'. नवे ब्रश उतरवून घ्यायचे. दुसऱ्यांनी गवत कसं हलवलं ते तास तास बघायचं. माझ्या फिल्ममध्ये गवत नाही. हे म्हणजे पानं घेऊन, पाट मांडून, उदबत्ती लावून पाहुण्यांना सांगायचं, की स्वयंपाक अजून व्हायचाय. ऑनियन स्किन नावाची एक सोय असते, मागचं चित्र पुढच्या चित्राखाली फिकट दिसावं म्हणून. त्याचा अर्थ कांद्याची साल. पूर्वी मला त्या नावाचं हसू यायचं. आता उघडलं की खरंच डोळ्यांत पाणी यायचं.

याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. जळून जाणं त्यात जरा वीरश्रीचं वाटतं. माझ्यात जळण्यासारखं फार काही नव्हतं. आमच्या आईचा शब्द जास्त बरोबर आहे, "विटलंय त्याचं मन." गोडाचा वीट येतो तसा. पुरणपोळी तीच असते, तूप तेच असतं, पण ताट समोर आलं की नको वाटतं. एवढं निदान केल्यावर आईने उपायही केला. मीठमोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली, आणि जाता जाता चित्रं काढायच्या टॅब्लेटवरूनही ओवाळून टाकली. मोहरीचे चार दाणे अजून त्याच्या बटणांच्या फटीत आहेत.

नोकरीतल्या माणसाला असं झालं तर रजा तरी टाकता येते. हौशी माणसाने रजा कोणाकडे मागायची? मी एक दिवस काम केलं नाही तर जगात कोणाचंच अडत नाही, आणि नेमकी तीच गोष्ट मला सहन होत नव्हती. हौसेला मोल नसतं म्हणतात. ते अनमोल या अर्थाने म्हणत असतील, पण आमच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे.

मधल्या काळात एका लघुपट महोत्सवाकडून उत्तर आलं. दोन ओळींचं, नावाची जागा तेवढी बदललेली. वाटाण्याच्या अक्षता. हा वाक्प्रचार मनात आला आणि मला फाळके आठवले. 1912 साली दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा मांडला, रोज एकेक फ्रेम घेत राहिले, आणि महिनाभराहून जास्त चाललेली ती वाढ पडद्यावर मिनिटभरात करून दाखवली. ती बघून पैसेवाल्याने पैसे दिले आणि 'राजा हरिश्चंद्र'ची वाट मोकळी झाली. पुढे त्यांनी आगकाड्यासुद्धा पडद्यावर नाचवल्या. म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाचं भांडवलच वाटाण्याच्या एकेका चित्रावर उभं राहिलं, आणि मला त्याच वाटाण्याच्या अक्षता! त्या वाटाण्याच्या आधी सिनेमे बघून बघून फाळक्यांची दृष्टी काही काळ गेली होती, उपचारांनी परत आली. थकण्यातही माणसाची थोरवी दिसते. माझे डोळे लेयरची नावं वाचून थकले.

थकलेल्यांची ही यादी मी त्या पाच महिन्यांत फार प्रेमाने गोळा केली. ॲनिमेशन शिकणाऱ्या प्रत्येकाकडे रिचर्ड विल्यम्सचं एक जाड पुस्तक असतं, छापील नाहीतर चोरून उतरवलेलं. 'द ॲनिमेटर्स सर्व्हायव्हल किट' त्याचं नाव, 2001 सालचं. तगून कसं राहावं हे शिकवणाऱ्या या माणसाने 1964 पासून स्वतःची एक फिल्म करायला घेतली, आणि 1992 मध्ये ती अपुरी असतानाच त्याच्या हातून काढून घेतली गेली. रशियात युरी नॉर्स्टीन 1981 पासून गोगोलच्या 'ओव्हरकोट'वर फिल्म करतायत. त्यांना लोकांनी 'सोनेरी गोगलगाय' नाव ठेवलं. मी हे सगळं बायकोला मोठ्या करुण आवाजात सांगितलं. ती अनारशांचं पीठ मळत होती. म्हणाली, "म्हणजे तुझी निदान पूर्ण तरी झाली."

मग जरा थांबून म्हणाली, "तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटायचे, चाळायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं. गेल्या दिवाळीत तू एक अनारसा तोंडात टाकलास आणि काय म्हणालास?"

मी म्हणालो होतो, "जाळी जरा कमी पडली."

खरं तर ती कमी पडलीच होती. हेच तर त्यातलं वाईट. खाणाऱ्याच्या हातात अनारसा येतो, भिजवलेले तीन दिवस येत नाहीत. चादरीवर 112 सेकंद दिसतात, 1344 चित्रं दिसत नाहीत. ती दिसली असती तर उलट माझी फिल्म फसली, असं म्हणावं लागलं असतं. मेहनत लपवायची, आणि मग ती कोणाला दिसली नाही म्हणून रुसायचं, हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे. धंदा म्हणायचं तेवढं जिवावर येतं.

त्या रात्री पहिल्यांदा मी माझी फिल्म आजींच्या डोळ्यांनी बघितली. चालण्याची चार चित्रं मुख्य असतात. टाच टेकते. मग गुडघा दुमडतो आणि सगळं शरीर त्या पायावर खाली बसतं. मग दुसरा पाय शेजारून पुढे निघतो. मग शरीर वर उचलतं. माणसाचं वजन असतं ते दुसऱ्या चित्रात. ते मी जवळजवळ केलंच नव्हतं. माझ्या म्हातारीचं डोकं एका सरळ रेषेत चाललं होतं, जणू ठाण्याच्या मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर उभी आहे. पिशवी उजव्या हातात होती, पण उजवा खांदा उतरला नव्हता, शरीर डावीकडे कललं नव्हतं, डावा हात तोल सावरायला बाहेर आला नव्हता. दीड वर्ष मी तिच्या नऊवारीच्या काठावरची बुट्टी सुबक काढत बसलो होतो. पिशवीत कापूसच होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार, बँकेला दुसऱ्या शनिवारची सुट्टी. आजी मंडईतून येताना जिन्यात भेटल्या. मी पिशवीला हात घातला, तर त्यांनी मागे ओढली. "तू घेतलीस तर बघशील काय?" म्हणाल्या. त्यांना कसं कळलं कोणास ठाऊक. मग चढून दाखवलं. पहिल्या पायरीवर डावा पाय, मग उजवा त्याच पायरीवर आणून ठेवायचा. मग थांबायचं. पुन्हा डावा.

"उजवा गुडघा गेलाय ना," त्या म्हणाल्या. "चढताना बरा पाय पुढे, उतरताना दुखरा पुढे. तुझी म्हातारी तर पोरीसारखी एकाआड एक पाय टाकत सुटलीय. कुठल्या डॉक्टरचं औषध घेते ती, मला सांग."

वळणावर त्या टेकल्या. पिशवी खाली ठेवली नाही, कठड्यावर ठेवली, कारण खाली ठेवली तर उचलायला वाकावं लागतं. हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं. मी विचारलं, "आजी, त्या दिवशी फिल्म मुळीच आवडली नाही का?" त्या म्हणाल्या, "आवडली नसती तर पिशवीत काय आहे ते कशाला विचारलं असतं?"

मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "परत चढून दाखवू का? दहा रुपये पडतील."

फिल्म पुन्हा पहिल्यापासून करण्याची माझी तयारी नाही, आणि बायकोची तर नाहीच. फक्त वर चढतानाचा एक तुकडा नव्याने करतोय, वळणापर्यंतच्या नऊ पायऱ्यांचा. अशा गुडघ्याला एका पायरीला दोन सेकंद लागतात, म्हणजे 24 चित्रं. नऊ पायऱ्यांची 216. रोज अडीचऐवजी दोनच काढतो आणि अकराला झोपतो. साडीवरची बुट्टी काढून टाकली. दोन महिन्यांत पाच पायऱ्या झाल्या.

परवा त्या पाच पायऱ्या आजींना मोबाइलवर दाखवल्या. त्यांनी चष्मा वर सारून तीनदा बघितल्या. पाय बरोबर आहेत म्हणाल्या. पिशवीला वजन आलंय म्हणाल्या. मग बोट लावून विचारलं, "हिने कठड्याला नुसता हात लावलाय. रेटा कुठाय? आम्ही काय कठड्यावरची धूळ पुसत चढतो?"

सध्या मी पुन्हा पहिल्या पायरीवर आहे.