येतो म्हणजे कधी?

वाशीमचा मनुष्य घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि हा शब्द उच्चारल्यानंतरही तुरीचा भाव, व्याह्यांची प्रकृती आणि पैनगंगेला यंदा आलेले पाणी या विषयांचा उंबरठ्यावरच यथासांग निकाल लावल्यावाचून पाऊल पुढे टाकत नाही. अशा दीर्घसूत्री संप्रदायात वाढलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्यावर जर्मनीतील वुपरटाल या शहराचा निरोप घेण्याची वेळ आली, तेव्हा त्या शहराने तो सोहळा एक अर्ज, एक शिक्का आणि एक पंचनामा एवढ्यातच उरकावा, याचे मला वैषम्य वाटले.

तेथे मी गेलो तो उमेदवारीसाठी. भारतातील विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना जर्मन प्रयोगशाळांत उन्हाळ्यापुरते काम करता यावे म्हणून 'दाड' या संस्थेची 'वाइज' नावाची शिष्यवृत्ती मला मिळाली होती. हे नाव ऐकताच आमच्या काकांनी 'दाड, आणि तीही वाइज, म्हणजे अक्कलदाढच की!' असे तिचे भाषांतर केले, आणि ती उशिरा येते व येताना ठणकते, असा इशाराही सोबत दिला. काम म्हणाल तर धातूच्या पट्ट्या वाकवायच्या आणि त्या किती वाकल्या ते वहीत टिपायचे. याहून अधिक लिहिण्यासारखे त्यात काही नव्हते.

लिहिण्यासारखी होती ती तेथील आगगाडी. वुपर नदीच्या दोन्ही काठांवर लोखंडी तंगड्या रोवून, त्यांच्या माथ्यावरच्या रुळाला डबे खाली लोंबकळत ठेवून, १९०१ सालापासून हे लोक सुमारे तेरा किलोमीटरचा प्रवास अधांतरी करीत आले आहेत. आमच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती भूमीला न टेकता उभी आहे आणि पूर्वी तिच्याखालून घोडेस्वार निघून जाई, अशी परंपरा सांगतात. तेव्हा अधांतरी देव ज्याला लहानपणापासून मान्य, त्याने अधांतरी आगगाडीला बिचकण्याचे वास्तविक कारण नव्हते. तरीपण पहिल्या वळणावर डबा झोकांडला तेव्हा मी शेजारच्या आजीबाईंच्या छत्रीचा आधार घेतला, हे कबूल करणे भाग आहे.

शहर सोडून मायदेशी परतताना 'आब्मेल्डुंग' नावाचा विधी करावा लागतो. आपण येथून उठलो, आता आपल्या नावे येथे काही शोधू नये, अशी सरकारदप्तरी नोंद करून घ्यायची आणि तिचा दाखला हाती घ्यायचा. तहसील कचेरीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, दोन फोटो आणि दुपारचा डबा घेऊन गेलो. कारकूनबाईंनी माझे नाव यंत्रात घातले, एक कागद काढून दिला आणि मंद स्मित केले. चार मिनिटे झाली होती. 'साहेब जेवायला गेलेत', 'उद्या या', यांपैकी एकही वाक्य कानी न पडल्यामुळे काम झाले यावर माझा विश्वास बसेना. म्हणून मी अत्यंत नम्रपणे एका गोल शिक्क्याची याचना केली. बाईंना नवल वाटले असावे, पण शिक्का मिळाला.

खरा प्रसंग घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात गुदरला. घरून नेलेली हळद फोडणी देताना एकदा हातून सांडली होती आणि तिचा डाग त्यांच्या पांढऱ्याशुभ्र टेबलावर कायमचा वसाहतीस आला होता. खोलीचा ताबा परत देताना तेथे वस्तूगणिक पंचनामा होतो आणि अनामत रक्कम त्यावर अवलंबून असते. ॲस्पिरिन १८९७ साली याच शहराच्या एल्बरफेल्ड भागात, बायरच्या प्रयोगशाळेत, सिद्ध झाली असे वाचले होते. ती येथेच का, याचा उलगडा मला त्या आठवड्यात झाला. हळदीचा डाग साबणाला दाद देत नाही, पण उन्हात उडतो, हे आजीचे शास्त्र मला ठाऊक होते. आणि वुपरटालची गणना जर्मनीतील अतिशय पावसाळी शहरांत होते, हे तर छत्री विकत घेतल्या दिवसापासून ठाऊक होते. ऑगस्ट महिना होता. टेबल खिडकीशी लावून मी सूर्याची वाट पाहत बसलो, आणि तिकडे पावसावाचून सोयाबीन वाळत असल्यामुळे वडील फोनवर रोज विचारीत, "पाऊस हाय का तिकडं?" मी 'आहे' म्हटले, की ते सुस्कारा टाकून म्हणत, "इकडं धाडून दे बापा थोडासा."

शेवटच्या दिवशी अकराच्या सुमारास पाऊण तास ऊन पडले. बाई आल्या तेव्हा डाग लिंबाच्या सालीइतका फिकट झाला होता. त्यांनी चष्मा लावला, फूटपट्टी काढली, लांबी-रुंदी लिहून घेतली आणि थोडा विचार करून शेरा मारला : 'कमी होत आहे.' इतका न्यायी शेरा मी आजवर कोणत्याही पंचनाम्यात पाहिलेला नाही.

दारात मी सवयीने 'येतो' म्हणालो. बाईंनी अर्थ विचारला, मी सांगितला. त्यांनी तत्काळ भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली आणि पेन उघडून विचारले, "कधी?"

आमच्या वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म, आणि राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचे व साहित्यविद्येचे लग्न लावले ते याच नगरीत. परंतु त्या वऱ्हाडाचा वंशज म्हणवणाऱ्या मला त्या क्षणी एकही शब्द सुचेना. शेवटी मी म्हणालो, की 'आउफ वीडरझेहेन' म्हणजे तरी 'पुन्हा भेटेपर्यंत'च ना? त्यात तरी तारीख कुठे आहे? बाईंनी हा युक्तिवाद ऐकून घेतला, तो ग्राह्य नाही असे मान हलवून दर्शविले आणि पुढील वर्षाच्या ऑगस्टावर एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले.

स्टेशनाकडे मी त्या टांगत्या गाडीनेच निघालो. १९५० च्या जुलैत एका सर्कशीने जाहिरातीसाठी टुफी नावाचे हत्तिणीचे पिल्लू हिच्यात बसवले होते. ते बिथरले, खिडकी फोडून थेट नदीत पडले आणि किरकोळ खरचटण्यावर निभावले. या शहराचा निरोप घेण्याची एवढी उत्स्फूर्त रीत दुसऱ्या कोणाला साधली नसेल. मी मात्र नेमून दिलेल्या स्थानकावर, दरवाजा उघडल्यानंतर, रांगेने उतरलो.

घरी पोचल्यावर वडिलांनी तो जर्मन दाखला उलटसुलट करून पाहिला. "शिक्का हाय न त्याच्यावर?" मी शिक्का दाखवला. "मंग ठेव पेटीत." तेव्हापासून तो सातबाराच्या उताऱ्याखाली घडी घालून ठेवलेला आहे. अनामत रक्कम पुढच्या महिन्यात पुरी जमा झाली आणि पाठोपाठ बाईंचे दोन ओळींचे पत्र आले : डाग गेला. तारीख अद्याप कळलेली नाही.