दहापैकी रिकामी बोटं किती?

टचस्क्रीनची बटणं आखणाऱ्या आम्हा मंडळींची एक गंमत आहे. ती बटणं आम्ही माउसने आखतो. समोर सत्तावीस इंची मॉनिटर, डोक्यावर एसी, आणि बाणाच्या इवल्याशा टोकाने माणसाच्या बोटाची सोय बघणं चालू. बाणाला एक पिक्सेल पुरतो, बोटाला नाही. म्हणून ॲपल सांगतं, बटण निदान 44 बाय 44 पॉइंटचं ठेवा. अँड्रॉइडवाले 48 डीपी म्हणतात, म्हणजे पडद्यावर साधारण 9 मिलिमीटर. हे आकडे आमच्या धंद्यात सगळ्यांना शुभं करोतीसारखे पाठ असतात, आणि रोज म्हटलेही तितपतच जातात.

मिसळीच्या एका हॉटेलासाठी ऑर्डर घ्यायचं ॲप करायचं होतं. वेटरच्या हातात दहा इंची टॅब, त्यावर टिचकी मारली की भटारखान्यात केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, छापून बाहेर. मी आराखडा नेला : मोठाली बटणं, मध्ये ऐसपैस जागा. शेठ बराच वेळ बघत राहिले.

"एवढी जागा मोकळी का सोडलीय? टॅबचे पैसे तर आपण पूर्ण भरलेत."

पुण्यात चौरस फुटाचा भाव ठाऊक असलेल्या माणसाच्या पोटात मोकळी जागा बघून कालवणारच. त्यांना अख्खं मेनूकार्ड एकाच पडद्यावर हवं होतं, वर कुलदैवताचा फोटो आणि खाली 'आमची कोठेही शाखा नाही'. शिवाय सगळं मराठीत. इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या बटणात 'दही मिसळ' लिहिली की वेलांट्यांचं डोकं छाटलं जातं आणि 'लाडू'चा उकार खालच्या ताकात बुडतो. देवनागरीला वरही जागा लागते, खालीही. हे शेठना पटलं, कारण छाटलेल्या अक्षरांत त्यांचं स्वतःचं आडनाव होतं.

2007 साली आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्सनी पडद्यावर टोचायच्या काडीची यथेच्छ टर उडवली होती. जन्मतःच दहा बोटं मिळालेली असताना काडी हवी कशाला, असा एकूण सूर. (2015 मध्ये ॲपलनेच पेन्सिल विकायला काढली, पण तेव्हा जॉब्स नव्हते.) मुद्दा बिनतोड होता. फक्त त्यांनी रविवारी सकाळी दहाच्या गर्दीत आमच्या मामांची दहा बोटं पाहिली नव्हती. मामा म्हणजे तिथले सर्वांत जुने वेटर. डाव्या हातावर कोपरापर्यंत प्लेटा, त्याच बगलेत टॅब, उजव्या हाताची चार बोटं पाण्याच्या चार ग्लासांत, तीही थेट आत बुडवून. उरला एक अंगठा. तोही ओला.

बोट टेकलं की पडद्यावरच्या विद्युतभारात बारीकसा फरक पडतो, त्यावरून टॅबला बोट कळतं. पाण्याचा ओघळही असाच फरक पाडतो. मग टॅबला एकदम चार-पाच बोटं दिसू लागतात आणि तो मामांनी न मागितलेली सोलकढी आपल्या मनाने लिहून घेतो.

शेठचा पुतण्या 'कंप्युटरला' असल्यामुळे 'ऑर्डर रद्द'चं बटण डाव्या खालच्या कोपऱ्यात ठेवा, असा त्याचा आग्रह. कोपरा गाठायला सर्वांत सोपा म्हणे. पुस्तकात तसं आहे खरं. लक्ष्य जितकं लहान आणि लांब तितका ते गाठायला वेळ, हे पॉल फिट्सने 1954 मध्येच मांडून ठेवलंय. आणि माउसचा बाण कडेला अडतो, म्हणून संगणकावर कोपरा सहज सापडतो. बोट मात्र कडेवरून सरळ खाली घसरतं. त्यात टॅब धरणाऱ्याचा डावा अंगठा नेमका त्याच कोपऱ्यात विसावतो. पुतण्याच्या कृपेने एक आख्खं कुटुंब मिसळीची वाट बघत बसलं आणि मामा ग्राहकाला शपथेवर सांगत राहिले की ऑर्डर दिलीय.

मामांचा आणखी एक सिद्धांत होता : यंत्र ऐकत नसेल तर जोरात दाबावं. जोराशी टॅबला कर्तव्य नसतं, तो वेळ मोजतो. अर्ध्या सेकंदाच्या आसपास बोट रेंगाळलं की त्याला ते दाबून धरणं वाटतं आणि भलतीच यादी उघडते. यादी उघडली की मामा आणखी जोर लावत. त्यांना शिकवण्यापेक्षा ती यादीच काढून टाकणं सोपं होतं. पुतण्या दोन दिवस बोलला नाही.

शेवटी बटणं मोठी झाली, रद्दचं बटण वर उजवीकडे गेलं, शेठनी 'शाखा नाही'ची पाटी जड मनाने दारावरच ठेवली. बोट चुकून लागलंच तर सावरायला म्हणून रद्द करताना एक चौकट यायची : 'तुम्हाला नक्की खात्री आहे का?' मामांनी ती वाचली, ग्लास खाली ठेवले, अंगठा धोतराला पुसला.

"साहेब, सहा नंबरवर मघापासून मिसळ का वडा चाललंय. गिऱ्हाइकालाच खात्री नाही, मी कुठली आणू?"