काँक्रीटचे २८ दिवस आणि आचारसंहिता

स्थापत्य अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात माती, पाणी, पोलाद, काँक्रीट, सर्वेक्षण असं सगळं आहे. निवडणूक आयोग नाही. मेट्रोच्या कामावर रुजू झालेल्या पोराची पहिली पंचाईत इथेच होते.

काँक्रीटचं एक बरं असतं. पाइल कॅप भरताना मिक्सरमधून थोडा माल बाजूला काढायचा, दीडशे मिलिमीटरच्या लोखंडी साच्यांत ठासायचा, दुसऱ्या दिवशी साचे उघडून ठोकळे पाण्याच्या हौदात सोडायचे. तीन ठोकळे सातव्या दिवशी यंत्राखाली फोडायचे, तीन अठ्ठाविसाव्या दिवशी. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली दिसली की सायटीवर चहा फिरतो. पण खरा निकाल लागतो तो अठ्ठाविसाव्या दिवशीच. सिमेंट मंत्र्यांनाही ओळखत नाही आणि त्यांच्या पीएचा फोनही घेत नाही. त्यामुळे फोन इंजिनिअरला येतो.

आता तारखा बघा. पुणे मेट्रोची पायाभरणी २४ डिसेंबर २०१६ ला झाली, महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये. मेट्रो पहिल्यांदा धावली ती ६ मार्च २०२२ ला, आणि महापालिकेची मुदत संपत होती १४ मार्चला. रामवाडीपर्यंतचा टप्पा ६ मार्च २०२४ ला सुरू झाला, लोकसभेची आचारसंहिता लागली १६ मार्चला. नागपूर मेट्रोला ७ मार्च २०१९ ला हिरवा झेंडा मिळाला, तेव्हा आचारसंहितेला तीन दिवस उरले होते. मुंबईच्या मोनोरेलचा दुसरा टप्पा त्याच आठवड्यात, ३ मार्चला. भुयारी मेट्रो तीनचा आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा ५ ऑक्टोबर २०२४ ला उघडला आणि विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. मार्च महिन्यात सिमेंट विशेष चांगलं घट्ट होतं, असा शोधनिबंध अजून कुणी लिहिलेला दिसत नाही.

मध्येच १ ऑगस्ट २०२३ आहे. पण ती टिळकांची पुण्यतिथी, पंतप्रधान टिळक पुरस्कारासाठी पुण्यात आलेच होते. आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? दोन टप्पे उघडून घेतले.

प्रकल्प व्यवस्थापनात ‘क्रिटिकल पाथ’ नावाची चीज शिकवतात. कोणतं काम रखडलं तर सगळा प्रकल्प रखडेल, ती साखळी शोधायची. पुस्तकात ती भूसंपादनातून, पायलिंगमधून, गर्डरमधून, रुळांतून, सिग्नलमधून जाते. अनुभवी साहेबांच्या केबिनमध्ये बार चार्टशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यात संकष्टी, एकादशी, अमावास्या सगळं छापून येतं. आचारसंहिता तेवढी पेन्सिलीने लिहून ठेवावी लागते, आणि ती लिहिताना ज्याचा अंदाज चुकत नाही त्याला पदोन्नती मिळते. दिल्ली मेट्रोत ई. श्रीधरन यांनी उरलेले दिवस उलटे मोजणारी घड्याळं लावली होती म्हणे. आपल्याकडे घड्याळ हे निवडणूक चिन्ह आहे, त्यामुळे कार्यालयात लावताना दहा वेळा विचार करावा लागतो.

आचारसंहिता जवळ आली आणि मार्ग पुरा झाला नाही, तर काय करायचं? जेवढा झाला तेवढा उघडायचा. २०२२ मध्ये पुण्यात वनाज ते गरवारे पाच किलोमीटर आणि पिंपरी ते फुगेवाडी सात किलोमीटर असे दोन तुकडे चालू झाले. मधला भाग नव्हता. पुणेकरांनी सहकुटुंब जाऊन फोटो काढले आणि दुचाकीवरून घरी परतले.

मधला भाग का नव्हता, तर तिथे पुणं होतं. लकडी पुलावरून जाणाऱ्या मेट्रोमुळे विसर्जन मिरवणुकीतले रथ अडतील, असा आक्षेप २०२१ मध्ये गणेश मंडळांनी घेतला आणि काम काही काळ थांबलं. भूकंपाचा भार, वाऱ्याचा भार, गाडी ब्रेक मारते तेव्हाचा भार, सगळं आयआरसी आणि आयएस कोडमध्ये सापडतं. रथाच्या कळसाची उंची सापडत नाही. ती मंडळाच्या अध्यक्षांना विचारावी लागते, आणि ती दर वर्षी वाढते.

आणि २६ सप्टेंबर २०२४. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा तयार, जिने पुसलेले, झेंडूच्या माळा आलेल्या. पण इतका पाऊस झाला की पंतप्रधानांचा दौराच रद्द करावा लागला. भुयारातल्या गाडीला पावसाचं काही नव्हतं, अडचण मैदानातल्या मंडपाची होती. जमिनीखाली मुठा नदी ओलांडून गेलेला मार्ग चिखलाच्या मैदानापाशी अडला. अखेर २९ तारखेला दूरदृश्य प्रणालीने बटण दाबलं गेलं. तेव्हा पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात आपण घरासाठी मिक्सरसुद्धा घेत नाही. पण पितर वर्षभर थांबतात, निवडणूक आयोग थांबत नाही.

(भुयाराला पावसाचं काही नसतं, हे वाक्य मुंबईत मोठ्याने म्हणू नये. २०२५ च्या मे महिन्यात, पुढच्या टप्प्याच्या उद्घाटनानंतर तीन आठवड्यांच्या आत, भुयारी मेट्रोच्या एका स्टेशनात पाणी शिरलं. स्टेशनाचं नाव आचार्य अत्रे चौक. अहवालात कारण लिहिणाऱ्या इंजिनिअरला गेल्या दहा हजार वर्षांत असा पाऊस झाला नव्हता असं लिहिण्याची केवढी सोय!)

तरी या नोकरीत स्थैर्य आहे, हे विसरू नका. पुण्याच्या विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल जेमतेम दीड दशक उभे होते. २०२० मध्ये ते पाडले, कारण तिथे हिंजवडीच्या मेट्रोसह दुमजली पूल यायचा होता. म्हणजे तरुणपणी पूल बांधायचा, केस पिकले की तोच पाडायचा, आणि निवृत्तीच्या आधी त्याच जागी दुसरा बांधायचा. एकाच चौकात अख्खी कारकीर्द निघते, बदलीची भीती नाही, मुलांची शाळाही बदलावी लागत नाही.

२९ सप्टेंबरच्या त्याच कार्यक्रमात स्वारगेट ते कात्रज या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गाची पायाभरणीही उरकून घेतली. मंजुरीच्या कागदावर तीन स्टेशनं होती. पुढे बिबवेवाडी आणि बालाजीनगरची भर पडून पाच झाली. काम पुरं करण्याची मुदत मंजुरीच्या वेळीच ठरली आहे : फेब्रुवारी २०२९. लोकसभेची पुढची निवडणूक त्याच उन्हाळ्यात आहे. ज्या इंजिनिअरने हा बार चार्ट काढला, त्याला आता शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही.