येतो म्हणजे कधी?

मराठी माणूस कधीच जात नाही. तो फक्त येतो. लग्नघरातून निघो की ऑफिसातून, चप्पल चढवता चढवता तोंडातून ‘येतो’च बाहेर पडतं. चुकून ‘जातो’ म्हटलं की आतून आजी ओरडते, “जातो काय मेल्या, येतो म्हण!”

चाकणच्या आमच्या कारखान्यात आलेल्या जर्मन सहकाऱ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं आडनाव ओळखपत्रावर दोन ओळी खायचं. शिवाय माणूस असा काटेकोर, की आठवड्याभरात कॅन्टीनच्या मामांनी त्याचा ‘काटेकर साहेब’ करून टाकला.

काटेकरने दुसऱ्याच आठवड्यात वहीत मराठी क्रियापदं उतरवून घेतली. त्याच संध्याकाळी सहा वाजता मी त्याला म्हणालो, “चल, येतो.” तो आठपर्यंत टेबलाशी बसून राहिला. वॉचमनने दिवे मालवायला घेतले तेव्हा उठला. सकाळी पहिला प्रश्न, “काल येणार होतास, त्याचं काय झालं?”

मी समजावलं. त्यालाही पटलं, कारण त्यांचं ‘आउफ विडरझेन’ म्हणजे पुन्हा दिसेपर्यंत. “पण फोनवर ते चालत नाही,” तो म्हणाला. “तिथे आउफ विडरहोरेन. पुन्हा ऐकू येईपर्यंत. फोनवर माणूस दिसलेला कुठे असतो?” निरोपातसुद्धा हिशेब चोख! वर म्हणाला, “मी ‘येतो’ तेव्हाच म्हणेन, जेव्हा खरंच येणार असेन.” तीन वर्षं तो रोज संध्याकाळी “उद्या साडेआठला येतो” असंच म्हणत राहिला.

“या एकदा घरी जेवायला,” असं मी रीतीप्रमाणे म्हणालो, तर पठ्ठ्याने डायरी उघडून “कधी?” विचारलं. उभ्या आयुष्यात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शनिवारी साडेसातला बेल वाजली तेव्हा घड्याळात साडेसात होते, श्रीखंडाचा चक्का अजून फडक्यात होता आणि मी बनियनवर.

असा हा काटेकर परत निघाला.

निरोप समारंभात पहिला घोळ खाण्याचा झाला. त्यांच्याकडे वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा, आणि नोकरी सोडून जाणाऱ्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचं. त्यामुळे तो घरी केलेला बटाट्याचा सलाड आणि दोन केक घेऊन हजर. आमच्याकडून सामोसे, ढोकळा आणि तिसरा केक. संस्कृतीसंगम म्हणतात तो हाच असावा. दुपारनंतर असेंब्ली लाइनवर सगळेच पेंगत होते.

मग शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी आणि पितळी गणपती. टाळ्या थांबल्यावर काटेकरने खिशातून बॅगा तोलायचा हुकाचा काटा काढला आणि गणपतीची पिशवी त्याला लटकवली. तीन किलो चारशे ग्रॅम. “बॅगेला मर्यादा २३ किलोची,” तो म्हणाला आणि मनातल्या मनात दोन जोडी बूट भारतात सोडून दिले.

पेढे मात्र त्याने हात जोडून परत केले. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि पेढा म्हणजे सगळा खवाच. आंबाही सोबतच्या प्रमाणपत्राशिवाय नाही. २०१४ साली फळमाशीपायी त्यांनी आपल्या आंब्यांवर बंदीच घातली होती, हे ऐकून आमच्या देवगडच्या स्टोअरकीपरने तिसऱ्या केकचा तुकडा खाली ठेवला. पण नारळ? अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ या पाचच फळांना तिथे प्रमाणपत्र लागत नाही! श्रीफळ सुटलं. “फक्त वाळू देऊ नका,” मामांनी बजावलं. “सुक्या खोबऱ्याला विमानात मनाई. तेलकट असतं, पेट घेतं.”

टॅक्सी रात्री आठची होती, आमच्या घरून. आपला निरोप चार टप्प्यांत होतो: सोफ्यावर, दारात, लिफ्टपाशी आणि गाडीच्या खिडकीत. एरवी बारा सेकंदांत निरोप उरकणारा काटेकर त्या दिवशी लिफ्टपाशीच वीस मिनिटं उभा होता. दोनदा लिफ्ट येऊन रिकामी गेली. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून आम्ही चाकणच्या ट्रॅफिकबद्दल बोललो. तो विषय कधी संपत नाही.

शेवटी तो गाडीत बसला, काच खाली केली आणि म्हणाला, “येतो.”

पुढे ना उद्या, ना साडेआठ. नुसतंच ‘येतो’. मला एकदम भरून आलं. तीन वर्षांनी का होईना, गडी आपल्यासारखं खोटं बोलायला शिकला!

गाडी वळणाआड जाते न जाते तोच माझा फोन वाजला. कॅलेंडरचं निमंत्रण. विषय: येतो. दिनांक: १४ सप्टेंबर २०२६, गणेश चतुर्थी. मुक्काम: तुझ्या घरी, ११ दिवस. खाली तीन बटणं: होय, नाही, कदाचित.

आपलं सगळं आयुष्य त्या तिसऱ्या बटणावर चालतं. त्याला आपण ‘बघू’ म्हणतो. सवयीने अंगठा तिकडेच निघाला होता. पण म्हटलं, समोरचा माणूस तारीख देऊन येतोय. ‘होय’ दाबलं, आणि चक्का आदल्या दिवशीच टांगायचा, असं हिला सांगायला वर गेलो.