साडेपाचशे मीटरवरचे कप्तान

इंदूरच्या मराठी वस्तीत, मग ते सुदामानगर असो, राजेंद्रनगर असो की लोकमान्यनगर, दर दोन-तीन गल्ल्यांमागे एक निवडकर्ते काका असतात. बँकेतून नाहीतर वीजमंडळातून निवृत्त झालेले, सकाळी पोह्यांवर जिरावण भुरभुरत जगाच्या खरेदीचा आढावा घेणारे. स्वतःला काही विकत घ्यायची त्यांना मुळीच घाई नसते. पण दुसऱ्यानं त्यांना न विचारता काही घेतलं की घरचं कार्य आपल्याला न कळवता उरकलं असं त्यांना वाटतं. "घेतलास पण? अरे, एकदा विचारायचं तरी!" एवढंच म्हणतात, पण तेवढ्यानंही नवाकोरा फ्रीज क्षणात जुना दिसायला लागतो. इन्व्हर्टर, पाण्याचं मशीन, गुडघ्याचा पट्टा, मुंजीचा केटरर, सगळं त्यांच्याच सल्ल्यानं येतं. आणि खरं सांगायचं तर सल्ला चुकत नाही. लोक त्यांना टाळतात ते सल्ला चुकतो म्हणून नव्हे, तो संपत नाही म्हणून.

आमच्या गल्लीत या पदावर जे काका आहेत त्यांना हल्ली सगळे कप्तान म्हणतात. त्याला कारण त्यांचे मुंबईचे जावई. त्यांनी चार मित्रांबरोबर भागीदारीत एक जुनी शिडाची होडी घेतली आणि फोनवर सहज म्हणाले, "बाबा, या कधीतरी, मांडव्यापर्यंत जाऊन येऊ." जावई जे बोलले ते 'कधीतरी', सासऱ्यांनी ऐकलं ते 'मांडव्यापर्यंत'. फोन ठेवताठेवताच काकांनी विचारलं, "पण वाट कशावर बघता तुम्ही?" जावई म्हणाले, "मोबाइलवर भागतं सध्या, एखादा टॅब्लेट घेऊ म्हणतोय." झालं! ज्या घरात आजवर टॅब्लेट म्हणजे रक्तदाबाची, त्या घरात होडीच्या टॅब्लेटचा शोध सुरू झाला.

आता इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. शहरातलं पाणी म्हणाल तर बिलावलीचा तलाव, पिपल्यापालाचा तलाव, आणि जलूदहून पंपांनी घाट चढवून आणलेली नर्मदा, तीही नळाला एक दिवसाआड. सिरपूरच्या तलावाला 2022 साली रामसर दर्जा मिळाला, पण तो पक्ष्यांच्या पुण्याईनं. तिथं सुकाणू धरायची सोय नाही. कुणी हा मुद्दा काढलाच तर काकांचं उत्तर तयार असतं. "आपल्या देशाचे समुद्राचे अधिकृत नकाशे कुठे निघतात माहितेय? देहरादूनला! नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय 1954 पासून हिमालयाच्या पायथ्याशी बसलंय. तिथून चालतं, मग इंदूरनं काय घोडं मारलंय?" यावर समोरचा गप्प होतो, कारण माहिती खरी आहे. आणि तरीही न झालाच तर काका उज्जैन काढतात. ग्रिनिचच्या कितीतरी आधी आपल्या ज्योतिष्यांचं शून्य रेखांश उज्जैनीवरून जात होतं, आणि उज्जैन इथून पंचावन्न किलोमीटर. म्हणजे दर्यावर्दीपणाची मूळ रेघ आपल्या परसातून गेलेली आहे, समुद्र तेवढा लांब राहिला.

शोधाची पहिली फेरी जेलरोडला झाली. इंदुरात मोबाइलची, चार्जरची, कव्हरांची जी काही उलाढाल चालते ती या रस्त्यावर. काऊंटरवरच्या पोरानं विचारलं, "अंकल, बच्चों की पढाई के लिए चाहिए?"

"नहीं भिया, जहाज चलाने के लिए."

पोरगा क्षणभर थांबला. मग आदबीनं म्हणाला, "वो कौन-सा गेम है?"

तिथून काका तासाभरानं निघाले तेव्हा त्या पोराला जीपीएसचं सगळं शास्त्र पाठ झालं होतं. ते शास्त्र मलाही ऐकावं लागलं आहे, तेव्हा थोडक्यात तुम्हीही ऐका. नुसत्या वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिपच नसते. घरात तो आपली जागा बरोबर दाखवतो, कारण आसपासच्या वाय-फायवरून अंदाज बांधतो. मांडव्याच्या वाटेवर कुणाचं वाय-फाय असणार? म्हणून सिमकार्डाची सोय असलेला घ्यायचा. सिम घातलं नाही तरी चालतं. उपग्रह रिचार्ज मागत नाहीत. अँड्रॉइडच्या बऱ्याच टॅब्लेटांत वाय-फायवाल्यातही चिप असते, पण डब्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. शिवाय आपल्या इस्रोची 'नाविक' प्रणाली त्यात चालते का, हेही काका विचारतात. ते सोयीसाठी नव्हे, स्वाभिमानासाठी.

दुसरी फेरी गच्चीवर. होडीवर ऊन थेट पडद्यावर येतं, तेव्हा उजेड पुरेसा हवा. हा उजेड निट्समध्ये मोजतात. साध्या टॅब्लेटला पाचशेच्या आसपास निट्स असतात, आणि उन्हात हजार तरी हवेत असं जाणकार सांगतात. काकांनी मे महिन्याच्या भर दुपारी नातीचा टॅब्लेट गच्चीवर नेला. पारा 42 वर. काळा गॉगल लावून ते वाकले आणि ओरडले, "गेला! पडदा गेला!" पडदा गेला नव्हता. गॉगल पोलरॉइडचा होता, आणि तसल्या काचेतून टॅब्लेट एका विशिष्ट दिशेला धरला की पडदा काळाठिक्कर दिसतो. आडवा केल्यावर दिसायला लागला. ही गोष्ट गच्चीवर कळली हे बरंच झालं. खांदेरीच्या खडकांजवळ कळण्यापेक्षा तरी. पण आनंद फार टिकला नाही. आयपॅडची कंपनी स्वतःच 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणून सांगते. दहा मिनिटांत यंत्रानं तापल्याची सूचना दिली आणि डोळे मिटले. खालून काकू म्हणाल्या, "अहो, जरा बाजूला व्हा, कुरडयांवर सावली पडतेय."

काकूंबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण निवडकर्त्या काकांच्या पाठीशी नेहमी एक घेऊन मोकळी होणारी काकू असते. घरातली प्रत्येक वस्तू काकांनी निवडलेली आणि काकूंनी आणलेली आहे. या दोन क्रियांचा एकमेकींशी संबंध असतोच असं नाही. मिक्सर असाच आला. काका तिसऱ्या कंपनीच्या मोटारीचे वॉट तपासत होते तेव्हा काकू खजुरी बाजारातून परतताना पहिल्या कंपनीचा घेऊन आल्या. तो अजून चालतो. टॅब्लेटच्या आकाराचा वाद निघाला तेव्हाही निकाल त्यांनीच दिला. आठ इंची एका हातात मावतो पण नकाशा बारीक दिसतो. अकरा इंचीवर खाडी छान दिसते पण धरायला दोन्ही हात लागतात. काकू म्हणाल्या, "अकरा इंची म्हणजे पोळपाटच की. एका हातात पोळपाट, मग दोरी कोण ओढणार, जावई?" काकांनी वहीत आठ लिहिलं. मग त्या आठाखाली टीप लिहिली, 'चष्म्याचा नंबर पुन्हा तपासणे.'

ओल्या हातांची चाचणी स्वयंपाकघराच्या नळाखाली झाली, मिठाचं पाणी करून. या पडद्यांना पाण्याचा थेंब आणि माणसाचं बोट यातला फरक नीट कळत नाही. थेंब पडला की नकाशा आपोआप मोठा होतो, सरकतो, कधी भलतीकडेच जाऊन बसतो. काकांच्या जुन्या मोबाइलनं तर मिठाच्या पाण्यानं भिजल्यावर व्याह्यांना व्हिडिओ कॉल लावला. बनियनवरचे काका आणि समोर चहा पिणारे व्याही. "काही नाही, समुद्राची तयारी चालली आहे," काका म्हणाले. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

मग चालत्या वाहनावरची चाचणी. अ‍ॅक्टिव्हाच्या हँडलला स्टँड बसवून काका पलासियाच्या चौकात वेग नॉट्समध्ये सांगू लागले. एक नॉट म्हणजे तासाला 1.852 किलोमीटर. "साडेतेरा नॉट्सनं चाललोय आपण," ते मागं बसलेल्या मला म्हणाले. लाल सिग्नल लागला. "नौकेच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो, उजव्या बाजूला हिरवा. समोरून लाल दिसला तर समजायचं..." काय समजायचं ते मला कळलं नाही, कारण तोवर आमचा दिवा हिरवा झाला होता आणि मागचं सगळं इंदूर हॉर्न वाजवत होतं.

फ्रीजच्या दारावर मुंबईच्या भरती-ओहोटीचं कोष्टक लागलं. उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, भांगाला कमी; नकाशातली खोली आणि प्रत्यक्ष पाणी यांचा मेळ त्यावरून घालायचा. टॅब्लेट तुम्ही कुठे आहात ते सांगतो, खाली पाणी किती आहे ते तुम्हालाच बघावं लागतं, हा काकांचा आवडता इशारा, आणि तो सोळा आणे खरा आहे. काकूंनी ते कोष्टक वाचलं आणि त्याच्याच कडेला पेनानं लिहिलं, 'आपला नळ : साडेसहा.'

पोहे-जलेबीच्या टोळीत एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांचं काम काकांना अडवणं. ते एकदा म्हणाले, "तुमच्या त्या टॅब्लेटवाचून काही अडत नाही. गोल्डन ग्लोब शर्यतीत आपला अभिलाष टॉमी 2023 साली दुसरा आला. एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीला फेरी. आणि नियम काय? जीपीएस वापरायचा नाही! सूर्य, तारे, सेक्स्टंट आणि कागदी नकाशा." टोळीला वाटलं, आता काका हरले. काकांनी जलेबीचा तुकडा शांतपणे संपवला. "जीपीएस असतो बरोबर. सीलबंद डब्यात, संकटासाठी. सीलबंद का होईना, नेतात ना?" आणि मग डोळे बारीक करून म्हणाले, "पण सेक्स्टंटचं सुचवलंत ते बरं केलंत. टॅब्लेट बंद पडला तर काय, हा विचार राहिलाच होता." त्या दिवसापासून वहीत सेक्स्टंटचं वेगळं पान आहे. प्राध्यापक पुढचे काही दिवस दुसऱ्या गाड्यावर पोहे खात होते.

प्रत्यक्ष पाण्यावरची चाचणी महेश्वरला झाली. अहिल्याबाईंच्या घाटावरून होडी ठरवली, टॅब्लेट (नातीचाच) पारदर्शक पिशवीत, पिशवीला दोरी, दोरी काकांच्या गळ्यात. नदीच्या मधोमध बाणेश्वराचं देऊळ आहे. पृथ्वीच्या मध्यापासून ध्रुवताऱ्यापर्यंतची रेघ त्यातून जाते अशी समजूत आहे. काकांना ही समजूत फार पटली. त्यांनी यंत्र सुरू केलं. उतरवून घेतलेला नकाशा अर्थातच मुंबईच्या दर्याचा, तेव्हा पडद्यावर नर्मदा नव्हतीच. फिकट पिवळी जमीन आणि तिच्यावर ऐटीत चाललेली आमची होडी. अक्षांश-रेखांश मात्र बिनचूक. "जागा बरोबर आहे," काका म्हणाले, "पाणी तेवढं भरायचं राहिलंय." त्याच दमात त्यांनी आम्हाला सांगून टाकलं की खालच्या अंगाची नर्मदा सरकारदरबारी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 73 आहे, म्हणजे इंदूरहून समुद्राला जायचा कायदेशीर मार्ग उपलब्ध आहे, धरणं मध्ये आहेत, तो तपशील.

केवट वल्ही थांबवून बघत होता. मला वाटलं, आता हा हसणार. तो म्हणाला, "साब, लडके को मोबाइल दिलाना है. दस हजार में कौन-सा ठीक रहेगा?" काकांचा चेहरा मी त्या दिवशी जितका उजळलेला पाहिला तितका हजार निट्सलाही दिसणार नाही. मुलगा काय शिकतो, गावात कोणत्या कंपनीचं नेटवर्क येतं, पाण्यावर न्यायचा आहे का, हातातून पडतो का, चौकशी सुरू झाली. होडी प्रवाहाबरोबर आपली आपण सहस्रधारेच्या अंगाला वाहू लागली तेव्हा केवटानंच भानावर येऊन वल्ही मारली. परत आल्यावर काकांनी त्याला कागदावर तीन नावं लिहून दिली, पसंतीच्या क्रमानं. पंधरवड्यानं त्याचा फोन आला : दुसऱ्या नंबरचं घेतलं, बढिया चल रहा है. काका त्यावर आठवडाभर जगले, आणि पहिल्या नंबरचं का नाही घेतलं याचं थोडं दुःखही करत राहिले.

टॅब्लेट अजून आलेला नाही. पावसाळ्यात होड्या बंद म्हणून तेव्हा घ्यायचा नाही. सप्टेंबरात नवं मॉडेल येतं म्हणून ऑगस्टात घेणं मूर्खपणा. दिवाळीत भाव उतरतात, पण उतरलेल्या भावाचा माल जुन्या साठ्यातला असतो. जावयांनी मध्यंतरी एक आठ इंची, सिमवाला, दणकट जातीचा टॅब्लेट घेऊनही टाकला. काकांना हे फोनवर कळलं तेव्हा ते नेहमीचंच वाक्य बोलले, मग मॉडेलचा नंबर विचारला आणि वहीत शोधला. त्यांच्या यादीत तोच पहिला होता. तेव्हापासून जावई हुशार आहेत असं ते चारचौघांत सांगतात. आता जावयांना पॉवर बँक कोणती पाठवावी हे चाललं आहे, कारण पूर्ण उजेडावर बॅटरी लवकर उतरते.

तुमच्यापैकी कुणाला होडीसाठी टॅब्लेट घ्यायचाच असेल तर सिमवाला घ्या, नकाशे घरूनच उतरवून न्या, यंत्राला दोरी बांधा आणि एक कागदी नकाशा बरोबर ठेवा. यापेक्षा जास्त हवं असेल तर इंदूरला या; काका सकाळी सातनंतर पोह्यांच्या गाड्यावर भेटतात. परतीचं तिकीट मात्र त्याच दिवसाचं काढू नका.